निंबळगडचं दार

सरकारी कागदांवर आमच्या यंत्राचं नाव ‘पर्यायी इतिहास संगणन प्रणाली’ असं आहे. एवढं लांबलचक नाव घ्यायला कुणाला सवड आहे? आम्ही त्याला जरतऱ्या म्हणतो. अमुक घडलं नसतं तर काय झालं असतं, एवढंच त्याला विचारायचं, आणि तो उत्तर देतो. पूर्वी असल्या गप्पा पारावर फुकट ऐकायला मिळायच्या. आता त्यासाठी पुण्यात पाच मजली इमारत आहे, इतिहास निवाडा मंडळ नावाचं खातं आहे आणि माझ्यासारखे यंत्रचालक आहेत.

जरतऱ्याच्या पोटात एकोणिसाव्या शतकातलं जे जे टिकलं ते सगळं आहे. पावसाच्या नोंदी, बाजारभाव, जहाजांच्या फेऱ्या, तारेवरून गेलेले निरोप, पलटणींच्या हजेऱ्या, जुन्या झाडांच्या खोडातली वर्तुळं, आजच्या माणसांच्या रक्तावरून जुळवलेली नाती. त्यावरून तो त्या काळातलं एकेक माणूस उभं करतो, त्याची भूक, भीती, सोयरीक आणि हट्ट यांच्यासकट, आणि मग काळ सोडून देतो. पहिल्या परीक्षेच्या वेळी त्याला १८४० पर्यंतची माहिती दिली होती आणि पुढचं सगळं झाकून ठेवलं होतं. पाऊस-वारा तेवढा खरा दिला. पुढच्या वीस वर्षांतली बंडं, तह आणि खालसा झालेली संस्थानं त्याने जवळजवळ जशीच्या तशी सांगितली. जगभरच्या इतिहासकारांची झोप उडाली ती तेव्हापासून.

पण खरी गंमत पुढेच होती. एखादी घटना बदलून काळ हजारो वेळा सोडला, तरी बहुतेक वेळा काहीच बदलत नाही. ओढ्यात दगड टाकावा आणि पाण्याने वळसा घालून पुन्हा आपल्या वाटेला लागावं, तसा इतिहास वागतो. अशा घटनेवर आम्ही ‘निष्प्रभ’ असा शिक्का मारतो. मोठमोठ्या लढाया निष्प्रभ निघाल्या, आणि कित्येक पुतळे उगाचच घोड्यावर बसलेत हेही कळलं. क्वचित एखादा क्षण मात्र असा सापडतो, की तिथे नुसतं नख लावलं तरी अख्खं शतक दुसरीकडे वळतं. त्याला ‘नाजूक क्षण’ म्हणतात.

लोकांना याचं वेड लागलं. कुणाच्या पणज्याने देश वाचवला, कुणाच्या पणज्याने बुडवला, याचे निवाडे भरमैदानात वाचले जाऊ लागले आणि घरोघरी थेट दिसू लागले. मागच्या वर्षी एका गावात एका घराण्याची जुनी फितुरी ‘नाजूक’ ठरली आणि त्याच संध्याकाळी ते घर पेटलं. आतली म्हातारी बाहेर आली, तिचा मुलगा आला नाही. मंडळाने खेद व्यक्त केला आणि पुढचा अर्ज हाती घेतला.

निंबळगडच्या नाईकवड्यांचा अर्ज माझ्याकडे आला तेव्हा मी अर्जदाराचं नाव दोनदा वाचलं, कारण ते माझे वडील होते. लग्नानंतर मी कालिंदी दळवी झाले, त्यामुळे मंडळात कुणाला पत्ता नव्हता. नियमाप्रमाणे मी त्याच क्षणी उठून सांगायला हवं होतं. मी खुर्ची पुढे ओढली आणि कामाला लागले.

निंबळगड म्हणजे कर्नाटकाच्या सीमेवरचं एवढंसं संस्थान. सत्तावन साली उत्तरेत बंड पेटलं होतं, तेव्हा इथल्या तरुण राजाने गडावर तोफा चढवल्या. आसपासचे संस्थानिक कुंपणावर बसून बघत होते; निंबळगड टिकला तर आपणही उठू, असा त्यांचा बेत होता. गड एका दिवसात पडला, लढाई न होता. पोवाडा सांगतो की गडाचा नाईकवडी, म्हणजे दाराचा रखवालदार सटवोजी, याने कोजागिरीच्या रात्री आतून दार उघडून गोऱ्यांना आत घेतलं. हा सटवोजी आमचा पूर्वज.

दसऱ्याला गडावरच्या देवीची पालखी शिवेपर्यंत जाते आणि सगळं गाव तिच्यामागून जातं. शिवेवर आपट्याचं सोनं लुटतात आणि एकमेकांना देतात. नाईकवड्यांना मात्र कुणी सोनं देत नाही. आपण हात पुढे केला तर समोरचा आपला हात मागे घेतो, बस. कुणी शिवी देत नाही, कुणी भांडत नाही. सात वर्षांची असताना मी मुठीत पानं घेऊन सगळ्यांसमोरून फिरले होते आणि तीच मूठ घेऊन घरी आले होते.

आबा वीज मंडळात वायरमन होते. गावातल्या प्रत्येक घरात त्यांच्या हाताने दिवा लागलेला आहे, वादळवाऱ्यात ते खांबावर चढलेले आहेत. एरवी सगळे त्यांना चहा पाजतात, आणि दसऱ्याला ओळख विसरतात. आई गेल्यापासून आबा तिथे एकटेच राहतात. आता त्यांना एकच ध्यास लागला होता, की सटवोजीने काय केलं ते मरायच्या आत कळू दे, वाईट असेल तर वाईट. मला वाटलं, बहुतेक सगळंच निष्प्रभ निघतं, हेही निघेल. आबांच्या माथ्यावरचं ओझं उतरेल आणि कुणाला कळणारही नाही की ते मी उतरवलं.

तसं झालं नाही. सटवोजीने दार उघडलंच नाही, असं गृहीत धरून मी दहा हजार फेऱ्या सोडल्या. दहातल्या आठ फेऱ्यांमध्ये गड दिवाळीपर्यंत टिकला आणि कुंपणावरचे संस्थानिक एकामागोमाग एक खाली उतरले. मुंबईची फौज उत्तरेत अडकलेली होती. ती परत फिरेपर्यंत कृष्णेपासून तुंगभद्रेपर्यंतचा मुलूख हातचा गेला. इंग्रजांकडे बंगाल राहिला, बंदरं राहिली, आणि दख्खनमध्ये संस्थानांचा एक संघ उभा राहिला. पुढे त्याने फ्रेंचांशी तह केला, जर्मन कारागिरांकडून रेल्वे घातली. शहात्तरच्या दुष्काळात धान्य बाहेर गेलं नाही आणि लाखो माणसं जगली. लंडनचं साम्राज्य आधीच आफ्रिकेकडे वळलं आणि एका साम्राज्याच्या जागी इथे पाच देश झाले, पाचही आपापसांत भांडणारे. तो काही स्वर्ग नव्हता. तिथेही सावकार होते, तिथेही पाणवठे वेगळे होते. पण तिथलं राज्य गोऱ्यांचं नव्हतं.

थोडक्यात, आमच्या सटवोजीने एका दारापायी अर्धा देश घालवला होता.

संचालक डॉ. हेरंब साठ्ये यांचा आनंद गगनात मावेना. दक्षिणेतला हा पहिलाच नाजूक क्षण होता. त्यांनी सगळ्यांना पेढे वाटले आणि दसऱ्याच्या आधीच्या रविवारी निंबळगडच्या मैदानात निवाडा वाचायचं ठरवून टाकलं. पेढा मी कागदात गुंडाळून बाजूला ठेवला. माझ्या डोळ्यांसमोर सारखं ते मागच्या वर्षीचं जळालेलं घर येत होतं, आणि त्याच्या ओट्यावर आबा बसलेले दिसत होते.

काहीतरी चूक सापडेल या आशेने मी सगळं पुन्हा चाळलं. एक गोष्ट खटकली. पोवाड्यात कोजागिरीची रात्र आहे, पण जरतऱ्याने गड पडल्याची वेळ धरली होती दसऱ्याची दुपार. कारण विचारलं तर त्याने एक तार पुढे केली. गड ताब्यात आल्याचा निरोप दसऱ्याच्या संध्याकाळी तारेवरून गेला होता. ज्या तारखेला निरोप पुण्याला पोचला, त्यानंतर तब्बल पाच दिवसांनी आमच्या पोवाड्यातलं दार उघडत होतं. मी आबांना फोन लावला.

“आबा, दसऱ्याला गडाचं दार कधी लावतात?”

“लावत न्हाईत.”

“म्हणजे?”

“पालखी भायेर असती, पोरी. देवी भायेर आन् दार बंद, आसं कसं चालंल? पालखी आत यीस्तवर दाराला कुनी हात लावत न्हाई. का गं?”

काही नाही म्हणून मी फोन ठेवला. जगातला कुठलाही किल्ला शत्रू जवळ आला की माणसं आत घेतो आणि दार लावतो. जरतऱ्याने निंबळगडही तसाच धरला होता. आमचं गाव काय चीज आहे हे त्याला कुठून माहीत असणार? शत्रूची फौज दोन कोसांवर येऊन ठेपलेली आणि हे लोक वाजतगाजत सोनं लुटायला निघालेले. असली चूक आमचंच गाव करू जाणे. सटवोजीने दार उघडलंच नव्हतं. ते सकाळपासून उघडंच होतं, आणि सगळं गाव बाहेर होतं.

मी ही रीत यंत्रात घातली, गावाला पालखीमागे शिवेवर नेलं, आणि प्रश्न बदलला. घोडेस्वार दिसल्यावर सटवोजीने दार लावलं असतं तर? पुन्हा दहा हजार फेऱ्या. गड टिकला, दख्खनचा संघ उभा राहिला, नकाशा तोच आला. फरक एवढाच, की बंद दार आणि घोडेस्वार यांच्यामध्ये सापडलेलं गाव संपलं. बायका, मुलं, पालखीचे भोई, सगळे. आणि दार उघडं राहिलं त्या फेऱ्यांत गाव जीव घेऊन आत पळालं, त्यांच्याबरोबर घोडेस्वारही आत शिरले. खऱ्या इतिहासात झालं ते हेच. आपण पळत आत शिरलो म्हणून गड पडला, हे कुणाला सांगवतं? म्हणून मग रात्र सांगितली, कोजागिरी सांगितली आणि सटवोजी सांगितला.

बंद दाराची एक फेरी मी उघडून शेवटपर्यंत वाचली. मग बाहेर जाऊन जिन्यात बसून राहिले.

साठ्ये सरांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले की सत्तावन साली ही रीत होती याला पुरावा काय? आज आहे म्हणून तेव्हाही होती, हे मंडळाला चालत नाही. आणि त्याच दिवशी सकाळी त्यांनी माझ्या नोकरीच्या कागदांत माझं माहेरचं नाव पाहिलं होतं.

“कालिंदीताई, तुमची फेरी खोटी आहे असं मी म्हणत नाही,” ते म्हणाले. “पण ती जाहीर केली तर लोक म्हणतील, सटवोजीच्या पोरीने सटवोजीला वाचवलं. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?”

मीही तेच केलं असतं. पहिलाच निवाडा वाचायचा ठरला. मैदानातल्या पडद्यावर तो दाखवायचं काम मात्र माझ्याकडेच राहिलं, कारण इतक्या आयत्या वेळी दुसरा चालक मिळणार नव्हता.

त्या दिवशी मी आणखी एक गोष्ट केली. सत्तावन सालच्या त्या पंधरवड्यातला पाऊस किंचित वाढवला. दोन सरी जास्त पडल्या की गडावरची तोफांची दारू भिजते, दार लावा नाहीतर उघडा, गड पडतोच. निकाल निष्प्रभ. इतका बारीक फरक कुणाच्या बापाला कळला नसता. तीन निकाल घेऊन मी शनिवारी निंबळगडला गेले. कुठला दाखवायचा ते माझ्या बोटात होतं.

आबा सोप्यात शेंगा फोडत बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं, पहिल्यापासून.

“दार लावलं आसतं तर राज्य ऱ्हायलं आसतं?” शेवटी त्यांनी विचारलं.

“बहुतेक.”

“आन् भायेरची मानसं?”

“नसती राहिली.”

ते पुन्हा शेंगा फोडू लागले. मी म्हटलं, आबा, माझ्याबरोबर पुण्याला चला, आत्ताच्या आत्ता. त्यांनी मान हलवली. त्या जळालेल्या घराची आठवण दिली, तरी मान हलवली. तेव्हा मी रडकुंडीला येऊन तिसऱ्या निकालाचं सांगितलं, दोन सरींचं. आबा माझ्यावर आयुष्यात क्वचितच चिडलेत. तेव्हा मात्र शेंगांचं सूप बाजूला सारून उठले.

“एवढी शिकलीस ती ह्याच्यासाठी? दोन्ही दाव उद्या. जे हाय ते दाव.”

“लोक तुम्हाला सोडायचे नाहीत, आबा.”

“मग न्हाई सोडनार. माझं मी बगतो.”

रविवारी सकाळी मैदान फुलून गेलं होतं. पोलिसांच्या दोन गाड्या होत्या, कॅमेरे होते, गावातल्या आणि आसपासच्या गावांतून आलेल्या पोरांचे जथे होते. अर्जदार म्हणून आबांना पहिल्या रांगेत बसवलं होतं. त्यांच्या आजूबाजूच्या खुर्च्या आपोआप रिकाम्या राहिल्या. साठ्ये सरांनी निवाडा वाचला. वाचता वाचता त्यांचा आवाज चढत गेला, आणि पडद्यावर तो न झालेला देश उमटला, कृष्णेपासून तुंगभद्रेपर्यंत हिरवागार. मग मागून एक चप्पल आली आणि आबांच्या पायाशी पडली. दुसरी त्यांच्या खांद्याला लागली. पोरं खुर्च्या ढकलत पुढे सरकू लागली. पोलीस मध्ये उभे राहिले, पण ते होते किती?

माझं बोट पावसाच्या निकालावर गेलं. यंत्राची चूक झाली असं म्हणायचं आणि तो पडद्यावर टाकायचा, दोन क्षणांचं काम. तेवढ्यात आबा उठले आणि मंचावर चढून माईकपाशी आले.

“सटवोजीपायी राज्य गेलं,” ते म्हणाले. “मशिन म्हनतंय, मी मानतो. आता माझी लेक आनखी येक दावनार हाय. ती सटवोजीच्या घरातली हाय, हे ध्यानात ठिवून बगा.”

एवढं बोलून आबा खाली उतरले आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसले. साठ्ये सर माझ्याकडे धावले. पण निंबळगडचे सरपंच मानसिंग शेळके मध्ये आले आणि म्हणाले, आमचं गाव आहे साहेब, बघू दे आम्हाला. गेल्या दसऱ्याला आबांसमोरून हात मागे घेणाऱ्यांत हेच पहिले होते. मी पाऊस पुसून टाकला आणि दुसरा निकाल लावला.

मी काय बोलले ते मला नीटसं आठवत नाही. पोवाड्यातली रात्र खोटी आहे, गड दसऱ्याच्या दुपारी पडला, एवढं सांगितलं. मग विचारलं की दसऱ्याच्या दुपारी गडाचं दार कसं असतं? उत्तर तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. पुढे सरकलेली पोरं जागच्या जागी थांबली, कारण त्यांच्याच गावचे म्हातारे खाली मान घालून बसले होते.

“मग आमची मानसं कुठं हुती?” शेळक्यांनी विचारलं.

“बाहेर.”

“आन् दार लावल्यालं आसतं तर?”

“तर आज या मैदानात कुणीच नसतं. गावातलं एकही घर त्या फेऱ्यांमध्ये पुढे चालत नाही.”

राज्य तरी राहिलं असतं, असं बाहेरगावचा एक पोरगा ओरडला. त्याला कुणी साथ दिली नाही. तो आजूबाजूला बघून खाली बसला.

मग बायकांच्या बाजूने हौसाक्का उठल्या. नव्वदीच्या आहेत, गावात सगळ्यांत थोरल्या. काठी टेकत थेट माझ्या टेबलापाशी आल्या. त्यांचा आवाज बारीक होता, पण माझ्यासमोरचा माईक उघडाच असल्यामुळे तो मैदानभर गेला.

“माझा पनजा तवा आईच्या पोटात हुता, आसं आमच्या घरात सांगत्यात. तुझ्या मशिनीत दार लावल्यावर आमची मानसं दार वाजवत हुती का गं?”

हे कुणी विचारू नये, असं मला मनापासून वाटत होतं.

“वाजवत होती, आक्का.”

“किती येळ?”

“दिवेलागणीपर्यंत.”

“आन् आत सटवोजी काय करत हुता?”

मी आबांकडे बघितलं. मग यंत्रावरचे हात काढून मांडीवर घेतले. खरं सांगायचं होतं, आणि त्यासाठी यंत्राची एक गोष्टही सांगावी लागणार होती. मी म्हटलं, “आक्का, या यंत्रात एखादी गोष्ट बदलली ना, की ती वरून दाबून धरावी लागते. नाहीतर माणसं आपल्या स्वभावावर जातात. सटवोजी दार उघडायला जात होता. प्रत्येक फेरीत, पुन्हा पुन्हा. मी त्याला उघडू दिलं नाही.”

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि देशभरचे कॅमेरे ते टिपत होते. हौसाक्कांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मग त्या वळल्या, काठी टेकत पहिल्या रांगेपर्यंत गेल्या आणि आबांच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसल्या.